छत्रीखाली वाकून पाहा

हैदराबादला जुलै-ऑगस्टात दोन-तीन दिवस पावसाची झड लागते आणि मग एका सकाळी लख्ख ऊन पडते. त्या सकाळी गचिबावली, कोंडापूर, मियापूरकडच्या सोसायट्यांच्या हिरवळीवर पांढऱ्या छत्र्या उभ्या असतात. आदल्या संध्याकाळी तिथे मुले क्रिकेट खेळत होती आणि गवताखेरीज काही दिसत नव्हते. काचीगुडा, सुलतान बाजार या जुन्या मराठी वस्तीच्या भागांत जी थोडी अंगणे उरली आहेत तिथेही त्या येतात. विद्यापीठांच्या आवारात, नामपल्लीच्या पब्लिक गार्डनमध्ये, अगदी बाल्कनीतल्या कुंडीतही येतात. मृग लागल्यापासून बतुकम्मा सणाची फुले निघेपर्यंत त्यांचा हंगाम चालतो.

त्यांच्याभोवती दोन-चार माणसे जमली की बोलणेही ठरलेले असते. एक म्हणतो, कुत्र्याची छत्री आहे, मुलांना हात लावू देऊ नका. दुसऱ्याचे गाव रत्नागिरीकडे असते. त्याला घरची अळंबीची भाजी आठवते. तिसरा मोबाइल काढून फोटो घेतो आणि अॅपला विचारतो. तेवढ्यात झाडलोट करणारा येऊन सगळ्या छत्र्या केरात भरून नेतो. खायची की नाही, एवढ्यावर चर्चा संपते. खरे तर त्याआधी विचारायला हवे की ही आहे कोण, आणि काल रात्रीपर्यंत होती कुठे.

होती ती पायाखालीच. गवताच्या मुळांमधून, जुन्या कुजक्या लाकडातून, शेणखताच्या कणांतून तिचे तंतू पसरलेले असतात. केसाहून कितीतरी बारीक अशा या तंतूंच्या जाळ्याला कवकजाल म्हणतात, आणि तोच खरा जीव. आंब्याच्या झाडाला जसा आंबा, तशी या जाळ्याला छत्री. फरक इतकाच की इथे झाड जमिनीत दडलेले आणि फळ तेवढे वर. म्हणून छत्री उपटली तरी जीव मरत नाही, आणि तीन वर्षांनी त्याच कोपऱ्यात ती पुन्हा दिसली तर नवल वाटायला नको. नव्या इमारतींच्या लॉनवर त्या अधिक का येतात, याचेही उत्तर इथेच आहे. बांधकामाआधी तोडलेल्या झाडांची मुळे, पुरलेल्या फळ्या, वर अंथरलेली लाल माती आणि शेणखत, हे सगळे कुणीतरी पचवायचे असते. ते काम बुरशी करते आणि त्यातले अन्नद्रव्य गवताला परत देते.

‘एका रात्रीत उगवली’ हे मात्र अर्धेच खरे. जमिनीखाली किंवा गवताच्या बुडाशी आधी टाचणीच्या डोक्याएवढी गाठ तयार होते. त्या गाठीतच देठ, छत्री, छत्रीखालच्या पट्ट्या, सगळ्यांची मांडणी झालेली असते, आणि बहुतेक पेशीही तयार असतात. मग पाऊस येतो. पेशी पाणी ओढून घेतात, लांबतात, आणि घडी घातलेले शरीर काही तासांत उलगडते. पेशींत भरलेल्या या पाण्याचा दाब एवढा असतो की मऊ, बोटाने मोडणारी अळंबी डांबराचा थरही वर उचलते. विजा कडाडल्या की अळंबी उगवते असे आपल्याकडे म्हणतात. जपानच्या इवाते विद्यापीठात कोइची ताकाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाकडाच्या ओंडक्यांना विजेचे अतिशय तीव्र, क्षणिक झटके देऊन पाहिले, आणि शिटाके, नामेको यांसारख्या अळंब्यांचे पीक वाढल्याचे त्यांना आढळले. आकाशातल्या विजेने आपल्या अंगणात नेमके तेच होते असे यावरून सिद्ध होत नाही. पण जुन्या माणसांचे म्हणणे प्रयोगशाळेत तपासण्याजोगे निघाले, याचा मला आनंद आहे.

भूछत्र ही वनस्पती नाही. तिच्यात हरितद्रव्य नसते, उन्हातून ती अन्न करू शकत नाही. 1969 मध्ये रॉबर्ट व्हिटेकर यांनी सजीवांची पाच सृष्टींत विभागणी केली तेव्हा बुरशींना स्वतंत्र सृष्टी दिली. त्यानंतर डीएनएच्या अभ्यासातून आणखी थक्क करणारी गोष्ट पुढे आली. उत्क्रांतीच्या नात्याने बुरशी गवतापेक्षा प्राण्यांच्या, म्हणजे तुमच्या-माझ्या, अधिक जवळची आहे. तिच्या पेशींच्या भिंतीत कायटिन असते, खेकड्याच्या कवचात असते तेच. हिरवळीवर उभे राहून खाली पाहिले तर गवत आपले दूरचे नातेवाईक आणि छत्री जवळची.

आता त्या पांढऱ्या छत्रीकडे वळू. हैदराबादच्या लॉनवर मोठी, रुंद, पांढरी, माथ्यावर तपकिरी खवले असलेली छत्री दिसली, तर पहिला संशय ‘क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस’वर घ्यावा. 1818 मध्ये जॉर्ज मायर यांनी दक्षिण अमेरिकेतल्या गयानामधून तिचे प्रथम वर्णन केले, पण ती जगभरच्या उष्ण प्रदेशांतल्या गवतात आढळते, भारतातही. छत्री दहा ते तीस सेंटिमीटर रुंद होते. कोवळेपणी ती गोल, मिटलेली असते, मग घुमटासारखी आणि शेवटी सपाट. खवले मधोमध दाट आणि कडेकडे विरळ. देठ उंच, पांढरट, आणि त्यावर एक कडे. हे कडे अनेकदा सुटे असते, बोटांनी हलकेच धरले तर देठावर वर-खाली सरकते. दिसायला ती बाजारातल्या चांगल्या अळंबीहून देखणी असते, आणि धोका नेमका त्यातच आहे.

तिचे गुपित छत्रीच्या खाली असते. खालून पाहिले तर मध्यापासून कडेपर्यंत गेलेल्या पातळ, उभ्या पट्ट्या दिसतात. कोवळ्या छत्रीत त्या पांढऱ्याशुभ्र असतात. छत्री जून होत जाते तसा त्यांवर राखाडी-हिरवा रंग चढतो. हा रंग बीजाणूंचा, म्हणजे ज्या सूक्ष्म कणांतून नवी बुरशी रुजते त्यांचा. हिरवे बीजाणू असलेल्या अळंब्या जगात फार थोड्या आहेत, त्यामुळे ही खूण जवळजवळ सहीसारखी पक्की. मात्र कोवळ्या वयात ती खूण दिसत नाही, आणि खाणारे नेमकी कोवळीच निवडतात. उत्तर अमेरिकेत विषारी अळंबी खाऊन आजारी पडणाऱ्यांच्या घटनांत सर्वाधिक वेळा हिचेच नाव येते. खाल्ल्यावर साधारण एक ते तीन तासांत जोरदार उलट्या आणि जुलाब सुरू होतात, कधी रक्तही पडते. मोठी माणसे सहसा सलाइन आणि विश्रांतीने बरी होतात. लहान मुलांना आणि वृद्धांना अंगातले पाणी कमी झाल्याने जास्त धोका असतो. पाळलेल्या कुत्र्यांनाही.

तो हिरवा रंग घरी पाहता येतो आणि प्रत्येकाने एकदा पाहावा. पूर्ण उमललेली छत्री देठापासून अलगद कापायची. अर्धा पांढरा आणि अर्धा काळा कागद शेजारी-शेजारी चिकटवून त्यावर छत्री पालथी, म्हणजे पट्ट्या खाली येतील अशी ठेवायची. वर एक थेंब पाणी टाकून मोठी वाटी झाकायची आणि रात्रभर तिला हात लावायचा नाही. सकाळी वाटी उचलून छत्री बाजूला केली की कागदावर चित्र उमटलेले असते. मध्यापासून निघालेल्या शेकडो नाजूक रेषा, प्रत्येक पट्टीची एक, आणि त्यांचा रंग फिकट हिरवा. एकही रेघ तुम्ही ओढलेली नाही. बोट लावले तर बोटाला पिठीसारखी भुकटी लागते, आणि त्या चिमटीत लाखो बीजाणू असतात. बुरशीशास्त्रज्ञ याला बीजाणूंचा ठसा म्हणतात, आणि कुठल्याही छत्रीची ओळख पटवताना तो आधी मागतात. दोन रंगांचा कागद अशासाठी, की काही जातींचा ठसा पांढरा असतो आणि तो पांढऱ्या कागदावर दिसणारच नाही.

हा ठसा पडतो कसा, हे शोधण्यात रेजिनाल्ड बुलर या शास्त्रज्ञाने आयुष्य घालवले. 1909 पासून बुरशींवर त्याचे ग्रंथ एकामागून एक निघाले. कुरणात उगवणाऱ्या आठेक सेंटिमीटर रुंदीच्या एका अळंबीतून सुमारे दोन दिवसांत 180 कोटी बीजाणू पडतात, म्हणजे तासाला चार कोटी, असा हिशेब त्याने मांडला. बीजाणू नुसता गळून पडत नाही, तो उडवला जातो. त्याच्या बुडाशी हवेतल्या ओलाव्याचा एक थेंब जमतो. बीजाणूच्या अंगावर पाण्याचा आणखी एक पातळ पापुद्रा असतो. थेंब वाढून त्या पापुद्र्याला टेकला की क्षणात त्यात विरघळतो, वजनाचा तोल पुढे झुकतो आणि त्या धक्क्याने बीजाणू सुटतो. या थेंबाला आजही ‘बुलरचा थेंब’ म्हणतात. उडी मोजून-मापून असते. ती फार लांब गेली तर बीजाणू समोरच्या पट्टीवर आदळून चिकटेल, फार तोकडी पडली तर आपल्याच पट्टीवर. दोन पट्ट्यांमधल्या फटीत येऊन तो थांबतो आणि मग सरळ खाली उतरतो.

त्यासाठी पट्ट्या ओळंब्यात हव्यात, आणि त्या राहाव्यात म्हणून भूछत्र डोळ्यांत तेल घालून जपते. देठाला गुरुत्वाकर्षण कळते. काही जातींचे कोवळे भूछत्र आडवे ठेवले तर काही तासांत देठ वाकून छत्री पुन्हा सरळ होते. 1993 मध्ये स्पेसलॅबच्या एका मोहिमेत अळंबी अंतराळात वाढवून पाहिली तेव्हा तिचे देठ वाटेल त्या दिशेला गेले. खाली कुठे हेच तिला कळेना. आणि खाली पडलेले बीजाणू गवताच्या दोन इंचांतच अडकू नयेत यासाठीही तजवीज आहे. मार्कस रोपर आणि एमिली ड्रेसेअर यांनी दाखवले की छत्रीतून सतत बाष्पीभवन होत असल्याने तिच्याभोवतीची हवा थंड होते आणि त्यातून हलका प्रवाह तयार होतो. वारा पडलेला असला तरी छत्री स्वतःपुरता वारा निर्माण करते. 2016 मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. पावसाळ्यातल्या एका स्तब्ध, कुंद सकाळी हिरवळीवर हे चालू असते आणि आपण शेजारून चालत जातो.

लॉनवर ती एकटीच नसते. पहाटे गवताच्या पात्यांमधून नखाएवढ्या, राखाडी, कडेपासून मध्यापर्यंत बारीक चुण्या पडलेल्या छत्र्या निघतात आणि ऊन चढले की मावळतात. त्या पॅरासोला वंशातल्या. तशीच एक पांढरी, उंच टोपीची कोनोसायबे, हैदराबादच्या दुपारी बारापर्यंत तिचा मागमूस राहत नाही. शेणखत घातलेल्या वाफ्यांत काळ्या बीजाणूंची पॅनिओलस येते. कुंडीत लिंबासारखी पिवळीधमक छोटी छत्री आली तर ती ल्युकोकोप्रिनस बर्नबॉमी. बर्नबॉम नावाच्या माळ्याला ती काचघरात सापडली होती, आणि कुंड्यांच्या मातीबरोबर ती जगभर फिरली. झाडाला तिचा काही त्रास नाही, खायची मात्र नाही. काही छत्र्या काळी शाई होऊन ओघळतात. त्यांच्यातली विकरे छत्रीला कडेपासून वितळवत नेतात, म्हणजे वरच्या पट्ट्यांतले बीजाणू मोकळे होतात. त्यांतल्या एका जातीत असा पदार्थ आहे की ती खाऊन वर मद्य घेतले तर छाती धडधडते, चेहरा लाल होतो, मळमळते. माणसाने दारू सोडावी म्हणून दिल्या जाणाऱ्या डायसल्फिरम या औषधाने होते तसेच.

वारुळांवर, कोरड्या मुरमाड जागी, एक बंद टोपीची, कधीच न उघडणारी अळंबी दिसते, पोडॅक्सिस. लिनियसने 1771 मध्ये तिची नोंद केली, आणि तो नमुना भारतातून गेलेला होता. अडीचशे वर्षे जगभरच्या अशा सगळ्या अळंब्यांना तेच एक नाव दिले जात होते. डीएनए तपासल्यावर कळले की त्या एका नावाखाली अनेक निरनिराळ्या जाती दडल्या आहेत. ओळख पटवणे किती अवघड, याची यावरून कल्पना यावी.

कडे करून उगवणाऱ्या छत्र्यांबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण हे रिंगण पाहून बरेच लोक बुचकळ्यात पडतात. युरोपात त्याला पऱ्यांच्या नाचाची जागा मानत. 1807 मध्ये विल्यम वोलास्टन या रसायनशास्त्रज्ञाने त्यामागचे साधे कारण मांडले. कवकजाल एका ठिपक्यापासून सुरू होते आणि चहूकडे सारखे वाढते. आतल्या भागातले अन्न संपते, तिथले तंतू मरतात, आणि जिवंत कडा बाहेर सरकत राहते. छत्र्या त्या कडेवर येतात. म्हणून रिंगण दरवर्षी मोठे होते, काही इंचांपासून फुटापर्यंत. फ्रान्समधल्या बेलफोर्टजवळ सुमारे 600 मीटर व्यासाचे एक रिंगण आहे, आणि त्याचे वय सातशे वर्षांच्या आसपास मानतात. तिथली बुरशी उगवली तेव्हा देवगिरीवर यादवांचे राज्य होते किंवा नुकतेच संपले होते.

रिंगणाच्या कडेला गवत गडद हिरवे आणि उंच दिसते. तंतूंनी मोकळ्या केलेल्या नत्राचा त्यात वाटा आहे, हे पूर्वीपासून माहीत होते. जपानच्या शिझुओका विद्यापीठातले हिरोकाझू कावागिशी यांना तेवढ्यावर समाधान वाटेना. त्यांच्या गटाने 2010 मध्ये रिंगण करणाऱ्या एका बुरशीतून गवताची वाढ चेतवणारे रसायन वेगळे काढले, आणि पुढे भात, गहू यांसारख्या पिकांवर त्याचे प्रयोग केले. सोसायटीच्या सभेत ‘लॉनवर डाग पडलाय’ म्हणून ज्याची तक्रार होते, त्याच्यातून उद्या कदाचित शेतीला काही मिळेल. त्यावर औषध फवारूही नये. जाळे इतके खोल असते की वरून मारलेले बुरशीनाशक तिथवर पोहोचत नाही. लहान मुले किंवा कुत्री असतील तर छत्र्या तेवढ्या काढून टाकाव्यात, पुरे.

आता त्या रत्नागिरीच्या गृहस्थांकडे वळतो, कारण त्यांची आठवण खरी आहे. कोकणात, गोव्यात, विदर्भात लोक पिढ्यान्‌पिढ्या रानातली अळंबी खातात. चंद्रपूर-गडचिरोलीकडे पावसाळ्यात सात्या आणि टेकोडे बाजारात येतात, गोव्यात रोयणीची अळमी चढ्या भावाने विकली जातात, आणि तेलंगणात आदिलाबाद, वरंगळकडच्या रस्त्यांवर पुट्टगोडुगुलू टोपल्यांत दिसतात. यांतल्या बहुतेक अळंब्या ‘टर्मिटोमायसिस’ या वंशातल्या. रोजे हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1942 मध्ये या वंशाला नाव दिले. गोवा विद्यापीठातले नंदकुमार कामत यांनी गोव्यातल्या या अळंब्यांवर दीर्घकाळ काम केले आहे.

ही अळंबी वाळवीची शेती आहे, हे शब्दशः खरे. वाळवी सुके गवत, पाने, लाकूड पोटात घालून वारुळात आणते. ते अर्धवट पचलेल्या स्वरूपात बाहेर टाकून त्याचा सच्छिद्र, तपकिरी गठ्ठा रचते, आणि त्यावर बुरशी वाढते. लाकडातला जो भाग वाळवीला पचत नाही, तो बुरशी फोडते. गठ्ठ्यावर पांढरे बारीक दाणे येतात, तेच वाळवीचे जेवण. आत हवा, ओलावा, उष्णता वाळवीच सांभाळते. 2016 मध्ये टांझानियात अशा बागांचे सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म सापडल्याची नोंद झाली. माणसाच्या शेतीला बारा हजार वर्षे झाली असतील-नसतील. पावसाळ्यात या भूमिगत शेतातून बुरशी आपले देठ वर पाठवते. कठीण माती फोडायची असल्याने छत्रीच्या मधोमध टोक असते, आणि देठ जमिनीत मुळासारखा लांबच लांब, थेट त्या गठ्ठ्यापर्यंत गेलेला असतो. झांबियात सापडणारी एक जात मीटरभर रुंद छत्री उघडते. आपल्याकडच्या सात्या मात्र बोटाच्या पेराएवढ्या.

रानातली अळंबी गोळा करणारी जाणकार बाई टर्मिटोमायसिस हे शास्त्रीय नाव सांगणार नाही, पण ती जागा ओळखते. कुठले वारूळ, कुठल्या नक्षत्रात, किती पावसानंतर, हे तिला ठाऊक असते, आणि देठ खणून बघितल्याशिवाय ती टोपलीत टाकत नाही. तिचे ज्ञान त्या मातीचे आहे. माणूस नोकरीसाठी गाव सोडून पाचशे किलोमीटर दूर येतो, समोर पांढरी छत्री पाहतो आणि तिला गावची समजतो; विषबाधेच्या अनेक घटनांच्या मुळाशी नेमके हेच असते. लॉनवरच्या छत्रीचे देठ खणून पाहा. खाली वारुळाकडे जाणारे मूळ नसते, बुडाशी नुसता फुगीर गड्डा आणि त्याला चिकटलेली माती. ठसा घेतला तर वारुळावरच्या अळंबीचा गुलाबीसर येईल आणि लॉनवरचीचा हिरवा.

या हिरव्या ठशाच्या अळंबीने सहसा जीव जात नाही. जीव घेणारी वेगळी असते, आणि तिची वागण्याची तऱ्हा उलटी आहे. अॅमानिटा वंशातल्या काही जातींत, आणि गवतातही उगवणाऱ्या लेपिओटा व कोनोसायबेच्या काही छोट्या नातेवाइकांत, अॅमाटॉक्सिन नावाची विषे असतात. खाल्ल्यावर सहा ते बारा तास काही होत नाही. चवही चांगली लागते, असे वाचलेल्या रुग्णांनी सांगितले आहे. मग उलट्या-जुलाब होतात, आणि दिवसभराने बरे वाटू लागते. याच काळात लोक दवाखान्यातून घरी जातात. आत मात्र विषाने यकृताच्या पेशींमधले एक अत्यावश्यक विकर अडवलेले असते. डीएनएवरचा मजकूर उतरवून घेण्याचे काम थांबते, प्रथिने बनत नाहीत आणि पेशी मरू लागतात. यकृत ते विष पित्तातून आतड्यात सोडते, आतडे ते पुन्हा रक्तात घेते, असे चक्र फिरत राहते. एप्रिल 2022 मध्ये आसामात रानटी अळंबी खाऊन 13 जणांचा मृत्यू झाला. चहाच्या मळ्यांतल्या कुटुंबांतली माणसे त्यांत होती. भाजी गोळा करावी तशी ती त्यांनी गोळा केली होती. त्रास जितका उशिरा सुरू होईल तितकी काळजी जास्त, एवढे प्रत्येक घरात माहीत असायला हवे.

शिजवल्याने हे विष जात नाही. चांदीचा चमचा काळा पडतो का, लसूण काळी पडते का, हळद लाल होते का, या सगळ्या परीक्षा निरर्थक आहेत, आणि मला त्यांचा राग येतो, कारण त्यांच्या भरवशावर माणसे मेली आहेत. किड्याने किंवा गोगलगायीने खाल्लेली अळंबी आपल्याला चालते, हेही खोटे. गोगलगाय अॅमानिटा खाऊन मजेत जगते. दुसरीकडे, हात लावल्याने विष भिनते ही भीतीही खरी नाही. मुलांना हाताळू द्या, वास घेऊ द्या, भिंगातून पट्ट्या पाहू द्या, आणि नंतर साबणाने हात धुवायला लावा.

फोटोवरून नाव सांगणाऱ्या अॅपबद्दल माझे मत स्पष्ट आहे. कुतूहलाला ते चांगले, पोटासाठी अजिबात नाही. वरून काढलेल्या एका फोटोत ना पट्ट्यांचा रंग दिसतो, ना जमिनीतला गड्डा, ना ठसा. पेंढ्यावरची खाद्य अळंबी आणि अॅमानिटा या दोघींच्या बुडाशी पिशवी असते; एकीचा ठसा गुलाबी, दुसरीचा पांढरा. मातीत राहिलेली ती पिशवी ज्याने खणून काढली नाही, त्याला दोघींतली एकही कळली नाही. म्हणून छत्री ओढून काढू नये, चाकूने किंवा खुरप्याने भोवतालच्या मातीसकट उचलावी. वरून, खालून आणि बाजूने फोटो घ्यावेत, जवळची झाडे टिपून ठेवावीत, कापल्यावर रंग बदलतो का पाहावे आणि ठसा जपावा.

एवढे करूनही नाव सापडेलच असे नाही, आणि त्यात कमीपणा नाही. 2017 मधल्या एका अंदाजानुसार जगात बुरशींच्या 22 ते 38 लाख जाती असाव्यात, आणि आजवर नावे मिळाली आहेत जेमतेम दीड लाखाला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत अजरेकर कवक संग्रहालय आहे, तिथे वाळवलेले नमुने वर्षानुवर्षे जपून ठेवले जातात. त्याच संस्थेने 1980 मध्ये नैर्ऋत्य भारतातल्या अळंब्यांवर ग्रंथ काढला. हैदराबादला उस्मानिया विद्यापीठात सी. मनोहराचारी यांनी बुरशींवर आयुष्यभर काम केले. तरीही आपल्या शहरी हिरवळींवर काय काय उगवते, याच्या नोंदी फार थोड्या आहेत. तारीख, जागा, तीन फोटो आणि एक ठसा एवढे जपून ठेवणारी व्यक्ती त्या नोंदींत खरी भर घालू शकते, मग ती शाळेतली मुलगी असो की निवृत्त बँक कर्मचारी.

लॉनवरची अळंबी खाऊ नका, कुणी कितीही खात्री दिली तरी. चुकून कुणी खाल्लीच, तर त्रास सुरू होण्याची वाट पाहू नका. 108 ला फोन करा. ही रुग्णवाहिका सेवा 15 ऑगस्ट 2005 रोजी हैदराबादेतूनच सुरू झाली. दिल्लीच्या एम्समधले राष्ट्रीय विषमाहिती केंद्र 1800 116 117 या टोल-फ्री क्रमांकावर चोवीस तास सल्ला देते. दवाखान्यात जाताना अळंबीचा उरलेला तुकडा कागदी पिशवीत बरोबर घ्या, प्लॅस्टिकमध्ये तो कुजतो. कधी खाल्ली आणि त्रास किती वाजता सुरू झाला, या दोन वेळा लिहून डॉक्टरांच्या हाती द्या.